नक्कल कशासाठी हवी?

आग्रही : मुलीला स्थळ सांगून आलं की आपण काय करतो? मुलगा कराडचा असेल तर कराडच्या पाहुण्यांना फोन, विट्याचा असेल तर विट्याच्या. उत्तर ठरलेलं असतं : घर चांगलं, शेती बागायत, मुलगा निर्व्यसनी. त्याची पहिली बायको कोर्टात खेटे घालते आहे, की त्याच्यावर फसवणुकीचा गुन्हा आहे, हे पाहुणा सांगत नाही. त्याला दोन्ही घरांत जेवायला जायचं असतं. ऊसतोडीच्या मुकादमाला उचल देणारा वाळव्याचा शेतकरी, विजयनगरला फ्लॅट भाड्यानं देणारी निवृत्त शिक्षिका, पतसंस्थेत ठेव ठेवणारा पेन्शनर, सगळे असेच ऐकीव माहितीवर चालतात. आणि तीच माहिती सरकारी दप्तरात लिहून ठेवलेली असते. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिकांसाठीच्या संकेतस्थळावर जा, जिल्हा सातारा किंवा सांगली निवडा, पोलीस ठाणं निवडा, तारखांची मुदत टाका. त्या काळात दाखल झालेले प्रथम खबर अहवाल, म्हणजे एफ.आय.आर., समोर येतात. पोलिसांनी ही काही मेहेरबानी केलेली नाही. ७ सप्टेंबर २०१६ ला यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की एफ.आय.आर. २४ तासांत संकेतस्थळावर टाका. त्याच आदेशात अडचणीच्या जागी ४८ आणि दुर्गम भागात ७२ तासांपर्यंत सवलत दिली. लैंगिक अत्याचार, मुलांवरचे अत्याचार, दहशतवाद असे संवेदनशील गुन्हे वगळले. बाकी सगळं उघड. लोकांना याचा पत्ता नाही, एवढंच माझं दुःख आहे.

साशंक : लोकांना पत्ता लागला की काय होईल, ही माझी धास्ती आहे. तुम्ही त्याला माहिती म्हणालात. ती फिर्याद आहे. एका माणसानं ठाण्यात येऊन सांगितलं आणि अंमलदारानं लिहून घेतलं, एवढीच तिची योग्यता. आपल्याकडे बांध कोरला म्हणून भावाभावांत काठ्या चालतात. सकाळी एक भाऊ ठाण्यात जातो, दुपारी दुसरा. दोन गु.र.नं., म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर, पडतात, दोन्हीकडून घरातल्या पाच-सहा जणांची नावं जातात, त्यांत पुण्यात नोकरीला असलेला आणि त्या दिवशी गावात नसलेला पुतण्याही असतो. तपासात पोलिसांना ते कळतं. मग कधी ‘ब’ समरी होते, म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी. कधी ‘क’, म्हणजे खोटी म्हणता येत नाही पण गैरसमजातून झालेली, किंवा प्रकरण दिवाणी. कधी ‘अ’, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही किंवा पुरावा नाही. समरीवर शेवटी दंडाधिकाऱ्यांचा हुकूम लागतो. आता मला सांगा, तुमच्या त्या पानावर फिर्यादीच्या शेजारी ही समरी दिसते का? पुतण्याचं नाव मात्र दिसतं. त्याच्या स्थळाची चौकशी करणारा तेवढंच बघून मोबाइल खिशात घालतो.

आग्रही : मग त्यानं मोबाइल खिशात घालू नये. गु.र.नं. ही सुरुवात आहे. ठाण्याचं नाव, नंबर आणि वर्ष हातात आलं की ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर एफ.आय.आर. नंबरनं शोधता येतं. दोषारोपपत्र दाखल झालं असेल तर खटला सापडतो. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा सी.एन.आर. नंबर असतो, तो एकदा टिपून ठेवला की पुढे नाव-गाव काही टाकावं लागत नाही. आधी कोर्ट ओळखायला शिका, कारण शोध कोर्टाच्या आवारानुसार चालतो. वडूजच्या खटल्याचा शोध सातारच्या यादीत घेत बसाल तर काहीच मिळणार नाही आणि तुम्ही समजाल माणूस स्वच्छ आहे. दंडाधिकाऱ्यांपुढचा नेहमीचा खटला आर.सी.सी., किरकोळ संक्षिप्त स्वरूपाचा एस.सी.सी., आणि खुनासारखा गंभीर गुन्हा असेल तर खालून सेशन्सकडे कमिट होऊन जातो, तिथे त्याला नवा नंबर पडतो. खाली ‘निकाली’ दिसलं म्हणून सुटला असं धरू नका, तो वर गेलेला असू शकतो. सेशन्सनं सोडलं तरी अपील असतं. १८ ऑगस्ट २०२५ पासून सातारा-सांगलीची अपिलं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, त्याआधीची मुंबईतही शोधावी लागतात. कलमांचंही तसंच. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागते. खून ३०२ चा १०३ झाला, फसवणूक ४२० ची ३१८, नवऱ्याकडून छळ ४९८ अ चा ८५. जुनं कलम शोधणाऱ्याला नवा गुन्हा दिसत नाही. हे सगळं शिकायला एक संध्याकाळ लागते. त्या संध्याकाळची किंमत मुलीच्या आयुष्यापुढे किती?

साशंक : शिकलेला माणूसही नावापाशी अडकतो. गु.र.नं. माहीत नसेल तर शोध नावानं घ्यावा लागतो, आणि नाव आपल्याकडचं! तासगाव-मिरज पट्ट्यात ‘पाटील संजय’ टाकून बघा. एका आवारातून एवढे संजय निघतील की आपला कोणता हे त्यांच्या आईलाही सांगता यायचं नाही. नोंद बहुतेक इंग्रजी लिपीत. ‘चव्हाण’ तीन तऱ्हांनी लिहितात, ‘साळुंखे’ चार. वडिलांचं नाव कुठे असतं, कुठे नुसतं आद्याक्षर, आणि काही ठिकाणी ‘सं. पाटील व इतर ५’, म्हणजे तुमचा माणूस त्या पाचांत आहे की नाही हे पानावर कळतच नाही. नको तो संजय निवडला तर एका निरपराध माणसाचं लग्न मोडलं. हवा तो सुटला तर तुमच्या मुलीचं. संकेतस्थळाला दोन्हीतलं काहीच कळत नाही.

आणि जे तिथे नाहीच त्याचं काय? गणपतीच्या आधी, निवडणुकीच्या आधी ठाण्यातून नोटिसा निघतात. त्याला आपण चॅप्टर केस म्हणतो. शांतता भंग करशील म्हणून बंधपत्र लिहून दे. हे प्रकरण कार्यकारी दंडाधिकारी म्हणून तहसीलदारांपुढे किंवा प्रांतांपुढे चालतं, त्याचं दप्तर तहसील कचेरीत. तडीपारीचं पोलीस अधीक्षकांकडे किंवा प्रांतांकडे. हिस्ट्रीशीट ठाण्याच्या कपाटात. ती पोलिसांच्या आतल्या वापराची, लोकांना दाखवायची नव्हे, असं मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही म्हटलं आहे. म्हणजे ज्याला तुम्ही ‘रेकॉर्ड’ म्हणता ते एका जागी नाहीच. ठाण्यात एक तुकडा, कोर्टात एक, तहसीलात एक. तुमच्या हाती लागतो तो सगळ्यांत कच्चा.

आग्रही : तुकडे आहेत हे मान्य. म्हणूनच मी सांगतो की शेवटी कागदच काढायचा, पडद्यावरचा शोध हा फक्त पत्ता. निकालपत्राची सही-शिक्क्याची नक्कल. सातारच्या किंवा सांगलीच्या जिल्हा न्यायालयात, किंवा जिथे खटला चालला त्या तालुका कोर्टात, नक्कल शाखा असते. खटल्याचा नंबर, निकालाची तारीख, कोणता कागद हवा, हे लिहून अर्ज द्यायचा, कोर्ट फीचं तिकीट लावायचं. जुना खटला असेल तर दप्तर रेकॉर्ड रूममधून यावं लागतं, मग वेळ लागतो. कागद कायमचे ठेवत नाहीत, काही वर्षांनी निरुपयोगी ठरलेले नष्ट करतात, तेव्हा साक्षीपुरावे गेलेले आणि निकाल तेवढा शिल्लक, असंही निघतं. पण निकाल वाचला की कळतं की साक्षीदार फितूर झाले म्हणून सुटला, की फिर्यादीच खोटी ठरली. हा फरक पोर्टल सांगत नाही, ‘निर्दोष’ हा एक शब्द सांगत नाही, निकालाची पंधरा पानं सांगतात.

साशंक : ती पंधरा पानं तुम्हाला कोण देतो? आरोपीला निकाल मिळतो, फिर्यादीला मागता येतो. तुम्ही तिऱ्हाईत. तिऱ्हाइतानं अर्ज केला की कोर्ट पहिला प्रश्न विचारतं : कशासाठी हवी? कारण लिहा, आणि साहेबांचा हुकूम घ्या. ‘माझ्या मुलीला यांचं स्थळ आलंय’ असं लिहून बघा. अर्ज मंजूर होईलही, नाहीही. पण तेवढ्या काळात तालुक्याच्या कोर्टात कारकुनापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना कळेल की अमक्यांची मुलगी अमक्यांकडे द्यायची चालली आहे आणि संशय आहे.

दोषारोपपत्राचं तर दारच बंद. २०२३ च्या जानेवारीत सौरव दास यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ते सार्वजनिक दस्तऐवज नाही, संकेतस्थळावर टाकता येणार नाही. जरा विचार करा : कच्ची फिर्याद चोवीस तासांत साऱ्या जगाला, तपासानंतरचं दोषारोपपत्र फक्त संबंधितांना, आणि न्यायाधीशांनी दोन्ही बाजू ऐकून लिहिलेल्या निकालाची नक्कल कारण सांगितलं तर. खरेपणा जसा वाढत जातो तसं दार अरुंद होत जातं. ही पारदर्शकता आरोपाच्या बाजूला कललेली आहे. मी गुप्ततेचा भक्त नाही. ह्या कलण्याला माझा विरोध आहे.

आग्रही : कल उलटा आहे हे तुमचं म्हणणं मी उचलतो, पण निष्कर्ष वेगळा काढतो. वरचं दार रुंद करा, खालचं अरुंद करू नका. एफ.आय.आर. संकेतस्थळावर आली ती मुळात कुणासाठी? आरोपीसाठी. आपल्यावर काय लिहिलंय हेच माणसाला कळायचं नाही, ठाण्यात हात ओले केल्याशिवाय प्रत मिळायची नाही. म्हणून न्यायालयानं सांगितलं की आरोपीनं किंवा त्याच्या माणसानं अर्ज करावा आणि २४ तासांत प्रत घ्यावी. संवेदनशील म्हणून एखादी फिर्याद रोखायची तर तो निर्णय उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्यानं घ्यायचा नाही. जतच्या एखाद्या वस्तीवरच्या माणसासाठी हे केवढं मोठं आहे! तुमच्या पुतण्यालाही पुण्यात बसून कळलं की आपलं नाव गोवलंय, आणि त्यानं अटकपूर्व जामिनाची तयारी केली. दार बंद असतं तर त्याला शिपाई दारात आल्यावर कळलं असतं.

आणि माहितीचा अधिकार आहे की. दहा रुपये, जोडपत्र ‘अ’, महाराष्ट्रात विषय एक आणि मजकूर दीडशे शब्दांत. ठाण्याच्या जन माहिती अधिकाऱ्याला विचारा : अमुक गु.र.नं. चं पुढे काय झालं, समरी की दोषारोपपत्र, कोणत्या तारखेला, कोणत्या कोर्टात? तीस दिवसांत उत्तर. नाही आलं तर पहिलं अपील. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे या कायद्यात अर्जदारानं कारण सांगायची गरजच नाही, कलम ६ मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे.

साशंक : कारण विचारत नाहीत, पण नकार देताना अडखळतही नाहीत. तपास चालू असेल तर ‘तपासाला बाधा’. तपास संपला असेल तर ‘वैयक्तिक माहिती’. त्या दुसऱ्या सबबीला पूर्वी निदान त्याच कलमात जनहिताची अट जोडलेली होती. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यानं नोव्हेंबर २०२५ पासून ते कलम तोकडं केलं, जनहिताचा आधार आता दुसऱ्या पोटकलमात जाऊन शोधावा लागतो. आणि कोर्टाचे कागद या वाटेनं मागायचेच नाहीत. २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कोर्टाच्या स्वतःच्या नियमांत नक्कल मागायची सोय असेल तर त्याच वाटेनं जा. म्हणजे फिरून त्याच कारणाच्या रकान्यापाशी आलात.

पण मला तुमच्या अर्जापेक्षा जुनी एक गोष्ट बोलायची आहे. नोंद म्हणजे निरुपद्रवी कागद, असं तुम्ही धरून चालता. या भागात तसं कधी नव्हतं. मातंग आणि रामोशी समाजातल्या माणसांना संध्याकाळी चावडीवर हजेरी द्यावी लागायची. गुन्हा केलेला असो-नसो, नाव वहीत आहे ना, मग या. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी ‘फकिरा’ कादंबरी लिहिली ती ह्या हजेरीचा जाच पाहिलेल्या माणसांमधून. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा, तो १९५२ मध्ये रद्द झाला. पुढे १९५९ मध्ये मुंबई राज्याचा सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढा, हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ उजाडला. आजही पारध्याच्या पोराचं नाव संशयित म्हणून किती सहज लिहिलं जातं हे तुम्हाला माहीत आहे. त्याची फिर्याद संकेतस्थळावर आली की चावडीवरची हजेरी जगभर लागली. वहीतलं नाव पुसणारा कुणी नसतो, वाचणारे मात्र वाढत जातात.

आग्रही : ह्याच मातीतली दुसरी वही मी उघडतो. ब्रिटिशांविरुद्ध इथे उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारच्या लोकांवर ब्रिटिशांनी काय लिहिलं होतं? दरोडा, खजिन्याची लूट, रेल्वेवर हल्ला. वसंतदादा पाटील २४ जुलै १९४३ ला सांगलीचा तुरुंग फोडून पळाले. नागनाथअण्णा नायकवडी १९४४ मध्ये सातारच्या तुरुंगातून निसटले. दप्तराच्या भाषेत दोघेही फरारी आरोपी. वसंतदादा पुढे मुख्यमंत्री झाले. १९७२ पासून केंद्रानं स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू केली तेव्हा पुरावा काय मागितला? तुरुंगाचा दाखला, कोर्टाचा निकाल, भूमिगताला फरारी घोषित केल्याचा हुकूम. जी नोंद कलंक म्हणून लिहिली तीच मानपत्र झाली! आणि ज्यांची नोंद सापडली नाही ते म्हातारे सहकैद्याचा दाखला मिळवायला कुंडल ते वाळवा फिरले. नोंद नष्ट झाल्याचा, बंद कपाटात राहिल्याचा फटका गरिबालाच बसला.

आज एखाद्या नातवाला आजोबांचा खटला शोधायचा असेल तर आधी विचारावं लागतं, गाव तेव्हा कुणाच्या राज्यात होतं? वाळवा, तासगाव, शिराळा, खानापूर हे ब्रिटिशांच्या सातारा जिल्ह्यात. सांगली शहर पटवर्धनांच्या संस्थानात, मिरजेची दोन संस्थानं वेगळी, जत वेगळं, आटपाडी आणि कुंडल औंधचं. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, त्याचं नाव सांगली पडलं १९६० मध्ये. म्हणून एकाच माणसाचा कागद कधी सातारला, कधी कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात, कधी मुंबईच्या. तुमच्या न्यायानं ही दारंही अरुंद ठेवायची का?

(इथे लिहिणाऱ्यानं तोंड घालायला हरकत नसावी. दोघांनी इतिहास आपापल्या बाजूला वाकवला आहे. हजेरीची वही कुणी मागितली म्हणून लिहिली गेली नाही आणि प्रतिसरकारची नोंद उघडी होती म्हणून मानपत्र झाली नाही. दोन्ही वेळा वहीचा अर्थ बदलला तो सत्ता कुणाच्या हाती होती त्यावर. पण हे म्हटल्यानं आजच्या अर्जदाराला काही मदत होत नाही, म्हणून बाजूला होतो.)

साशंक : ऐंशी वर्षांपूर्वीच्या खटल्याला माझी ना नाही, त्यातले लोक गेले. मी विचारतो ते आजच्या बावीस वर्षांच्या पोराचं. आपल्याकडची पोरं पहाटे चारला उठून रस्त्यावर पळतात. अपशिंग्याचं नाव मिलिटरी अपशिंगे पडलं ते उगाच नाही. सैन्य नाही तर पोलीस भरती. त्यातला एखादा ऊसदराच्या किंवा आरक्षणाच्या आंदोलनात रस्त्यावर बसलेला असतो, जमावबंदी मोडली म्हणून नाव लागतं. सरकार जाहीर करतं की आंदोलनातले गुन्हे मागे घेऊ. पण घोषणेनं खटला जात नाही. सरकारी वकिलानं कोर्टात अर्ज द्यायचा, कोर्टानं संमती द्यायची, तेव्हा तो निघतो. तोपर्यंत चारित्र्य पडताळणीत तो आहेच. लपवलं तर माहिती दडवली म्हणून नोकरी जाते. सांगितलं तर साहेबांच्या मर्जीवर. अवतार सिंग खटल्यात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की गुन्हा किरकोळ होता का, तरुण वयातला होता का, हे बघून नियोक्त्यानं विचारपूर्वक ठरवावं. विचारपूर्वक ठरवायला वेळ कुणाला आहे? यादीत दुसरी पोरं उभी असतात.

इंग्लंडमध्ये १९७४ पासून कायदा आहे की ठरावीक मर्यादेपर्यंतची शिक्षा भोगून झाली, पुढची ठरावीक वर्षं माणूस सरळ वागला, तर बहुतेक कामांसाठी ती शिक्षा त्याला सांगावी लागत नाही. आपल्याकडे मोठ्यांसाठी असं काही नाही. फक्त अठराच्या आतल्यांना बालन्याय कायद्यानं कवच दिलंय. प्रकरण निकाली निघालं असेल तर पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठीसुद्धा ते उघड करायचं नाही. एकोणिसाव्या वर्षी केलेली चूक मात्र साठाव्या वर्षापर्यंत त्याच पानावर राहते. जिथे पुसायची सोय नाही तिथे लिहिणाऱ्यानं आणि वाचणाऱ्यानं, दोघांनीही हात आखडता घ्यावा.

आग्रही : पुसायची सोय करा, मी पहिली सही देतो. पण तुमचं हे कवच पांघरून कोण बसतं तेही बघा. निवडणुकीतला उमेदवार शपथपत्रात गुन्हे लिहितो ते २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भाग पाडलं म्हणून. १३ फेब्रुवारी २०२० च्या निकालानं लोकसभा-विधानसभेसाठी पक्षांनाही सांगितलं की खटला असलेल्या माणसाला तिकीट दिलंत तर का दिलंत ते छापा, आणि ‘निवडून येण्याची क्षमता’ हे कारण चालणार नाही. बघा, तिथे कारण मागणाऱ्यानं नव्हे, निवडणाऱ्यानं द्यायचं आहे! आता तोच माणूस आमदारकीला उभा न राहता पतसंस्था चालवतो, वाळूचा ठेका घेतो. त्याची चौकशी मी करायची तर कारण मी द्यायचं, परवानगी मी काढायची. हे कुठलं तर्कशास्त्र?

आणि नोंद उघडी असली म्हणून माणूस संपतो असं नाही. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर आठवा. औंधच्या राजानं १९३९ मध्ये भिंती नसलेला तुरुंग वसवला, खुनाच्या शिक्षेतली माणसं तिथे शेती करायची. त्यावरून पुढे ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट आला.

साशंक : ते उदाहरण माझं आहे, तुम्ही कसं घेता? खुनाची नोंद असलेल्या माणसाच्या हातात कुऱ्हाड देऊन त्याला मोकळं सोडलं आणि जग बुडालं नाही. नोंद म्हणजे माणूस नव्हे, हेच तर ते सांगतं.

आग्रही : कुऱ्हाड देणाऱ्याला प्रत्येकाचा गुन्हा माहीत होता. माहीत असून विश्वास टाकला. तुम्ही म्हणता तो विश्वास माहिती दडवून मिळवायचा आहे. तो फसवून घेतलेला विश्वास होईल.

साशंक : पण माहीत कुणाला होतं? विश्वास टाकणाऱ्याला, ज्यानं त्या माणसाबरोबर रोज उठबस केली आणि धोकाही स्वतः पत्करला. आटपाडीच्या सगळ्या बाजाराला नव्हे. बरं, मी एक तडजोड सुचवतो. नोंद मागणाऱ्याचीही नोंद राहू दे. ज्यानं संकेतस्थळावर माझं नाव शोधलं, माझ्या खटल्याची नक्कल नेली, त्याचं नाव मला कळू दे. तुम्हाला माझ्याबद्दल कळावं हा तुमचा हक्क, तर कुणी विचारलं हे कळावं हा माझा. मग स्थळ मोडायला दुसऱ्याच्या फिर्यादी गोळा करणारे भाऊबंद जरा दमानं घेतील.

आग्रही : आणि नवऱ्याच्या मारहाणीतून निघून आलेली बाई त्याच्यावरचे जुने खटले शोधेल तेव्हा? तिचं नाव त्याला कळवायचं? तळेगावच्या सतीश शेट्टींनी जमिनींचे कागद माहिती अधिकारात बाहेर काढले, १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेलेल्या त्या माणसाचा खून झाला. विचारणाऱ्याचं नाव उघडं करणं ही तुमच्या मते समानता. मला तो धमकीचा पत्ता वाटतो.

साशंक : मग नाव आरोपीला नको, न्यायाधीशांना कळू दे. पुढे तक्रार आली तरच उघडायचं.

आग्रही : म्हणजे अर्ज, कारण, हुकूम. आजच्या नकलेसारखंच.

साशंक : हो. आणि फिर्यादीच्या पानालाही तेच लावायचं.

आग्रही : ते मी मानणार नाही. फिर्यादीला कारण विचारायला लागलात की ठाणेदार पहिल्या दिवसापासून कारणं विचारेल, आणि आरोपीलासुद्धा विचारेल.

साशंक : तसं असेल तर समरी आणि निकालही त्याच पानावर टाका, फिर्यादीच्या खाली, तेवढ्याच ठळक अक्षरात. निकाल लागलेला नसेल तर ‘अजून काहीही सिद्ध झालेलं नाही’ एवढं तरी लिहा.

आग्रही : त्याला माझी हरकत कधीच नव्हती. पोलीस, कोर्ट, तुरुंग यांची दप्तरं आतून जोडायची यंत्रणा तयार आहे, आय.सी.जे.एस. म्हणतात तिला. ती तुम्हा-आम्हाला दिसत नाही, एवढंच.

साशंक : एवढंच नाही. उद्या ती दिसायला लागली तर चॅप्टर, हिस्ट्रीशीट, सगळंच दिसावं म्हणून तुम्ही भांडाल.

आग्रही : भांडेन. निदान ज्याचं नाव त्यात आहे त्याला तरी दिसावं म्हणून नक्की.

साशंक : त्याला दिसावं म्हणून मीही येतो तुमच्याबरोबर. त्याच्या होणाऱ्या सासऱ्याला दिसावं का, ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

आग्रही : सासरा तुम्ही असाल तर?